छत्तिसावा चौकोन

गल्ल्यावरच्या बाईंनी पिवळं कार्ड उघडलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि म्हणाल्या, ‘हा शेवटचा हं तुमचा. सुटलात.’ झालं, एवढंच. महिन्यातून दहा जणांना म्हणत असतील. पण नोटा घेऊन पुढे झालेला त्याचा हात तिथंच थांबला. ज्या हाताने तीन वर्षांत एकदाही हप्ता चुकवला नव्हता, त्याच हाताने त्या नोटांची पुन्हा घडी घातली. ‘यातले थोडे दुसऱ्या कामाचे निघाले,’ तो म्हणाला, ‘उद्या देतो, कार्ड राहू दे इथंच.’ बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हप्ता द्यायला आलेला माणूस हप्ता न देता जातो तेव्हा त्याची नजर खाली असते, हे त्यांना पाठ होतं. याची नजर कार्डावर होती. कार्डावर छत्तीस चौकोन, नऊच्या चार ओळी. हप्ता दिला की बाई एका जड पंचने त्या चौकोनात गोल छिद्र पाडायच्या आणि पडलेला पिवळा ठिपका फुंकरीने उडवून द्यायच्या. पस्तीस छिद्रं पडली होती. खालच्या ओळीतला शेवटचा एकच चौकोन धड होता. त्याला वाटलं, हे कार्ड आपल्यापेक्षा जास्त निरखून कुणी पाहत असेल तर ती आपली बायको.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पुढे मालक लोकांचे डोळे तपासायचे, आणि मागे चिंचोळ्या खोलीत हा बसायचा. कागदावर नंबर यायचा, दोन बुबुळांमधलं अंतर यायचं, आणि मग काचेच्या बरोब्बर मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, काच फिरत्या चाकाला लावायची, पाणी ठिबकत राहायचं, आणि काच हळूहळू फ्रेमच्या मापाची व्हायची. ठिपका केसभर हलला की माणसाला पायरी दिसते तिथं पायरी नसते. अकरा वर्षांत त्याचा ठिपका हलला नव्हता. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या माणसाचा हात म्हणजे हात आहे. तर त्या दिवशी दुकानात परतल्यावर त्याने त्या नोटा एका रिकाम्या चष्म्याच्या डबीत घातल्या, डबी खट्कन मिटली आणि पँटच्या खिशात टाकली. का टाकली, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतंच, आणि म्हणूनच विचारलं नाही.

उत्तर पंचवीस महिन्यांमागचं होतं. पण त्याच्याही आधी, लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा, दोघं हप्त्यांवर सामान देणाऱ्या त्या दुकानात गेले होते. घरात एक गादी, दोन बॅगा आणि एक स्टूल होतं. स्टुलावर कोण बसणार यावरून रोज चेष्टा चालायची. दुकानात ती एकेका सोफ्यावर बसून पाहत होती, दोन्ही हात बाजूला टेकवून, डोळे मिटून, जणू कुणी तिचा रक्तदाब मोजतंय. ती स्वतः एका लॅबमध्ये रक्त काढायची. सकाळी सव्वासहाला बाहेर पडायची, उपाशी पोटी आलेल्या माणसांच्या हाताला रबर बांधायची आणि शीर शोधायची. शीर शोधण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. पलंग, आरशाचं कपाट, जेवायचं टेबल आणि चार खुर्च्या, सोफा, फ्रिज. छत्तीस हप्ते, अर्धे त्याच्या पगारातून, अर्धे तिच्या. त्या दुकानाची एक रीत होती. प्रत्येक सामानाला मागे किंवा खाली एक टिनाची पट्टी स्क्रूने बसवलेली असायची. पट्टीवर दुकानाचं नाव, नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत: हे सामान दुकानाच्या मालकीचे आहे. छत्तिसावा हप्ता भरला की दुकानाचा माणूस घरी येऊन पट्ट्या काढून नेणार. पहिल्या रात्री ती टेबलाखाली उताणी पडून पट्टी वाचत होती आणि तिथूनच ओरडली होती, ‘अरे, म्हणजे आपण दुकानातच राहतोय की.’ तोही मग टेबलाखाली शिरला. दोघं तिथंच बराच वेळ पडून होते, पाय बाहेर, डोकी आत. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांना वेड लागलंय. तसं ते लागलंच होतं.

आणि मग ते पत्र. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचं. एक वर्षाचं प्रशिक्षण, नंतर तिथंच एका विभागाची जबाबदारी. तिने अर्ज केला तेव्हा त्यानेच पाकिटावर तिकीट चिकटवलं होतं. ‘मिळालं तर बघू’ असं दोघंही म्हणाले होते, आणि मिळणार नाही असं धरून चालले होते. उत्तर आलं ते त्याच्या हातात पडलं. खाली पेटीतून काढलं, जिना चढताना पाकिटावरचं नाव वाचलं, घरात आला आणि कपाटाच्या छोट्या खणात ठेवलं. उघडलं नाही. ठेवलं फक्त. एकोणिसाव्या दिवशी फ्रिज गळायला लागला, स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं, आणि फ्रिजचं गॅरंटी कार्ड शोधताना पत्र तिच्या हाती लागलं. उत्तर पंधरा दिवसांत कळवायचं होतं. ‘विसरलो,’ तो म्हणाला. तिने फ्रिजखाली फडकी टाकली, पिळली, पुन्हा टाकली. त्या प्रयोगशाळेला फोन करून पाहिला, जागा भरली होती. चार दिवसांनी ताटं पुसता पुसता, आवाज न चढवता, पाठमोरीच ती म्हणाली, ‘हप्ते फिटेपर्यंत मी आहे. अर्धे माझे आहेत, ते टाकून मी जाणार नाही. पुढचं पुढे बघेन.’ आणि ताट रॅकमध्ये ठेवलं. त्या वेळी कार्डावर अकरा छिद्रं होती.

आता कुणी म्हणेल, रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. त्यानेही स्वतःला शंभरदा हेच सांगून पाहिलं. पण ती रागात नव्हती, हीच तर पंचाईत होती. आणि दुसऱ्या दिवसापासून ती नेहमीसारखी राहिली. हसली, बोलली, त्याला ताप आला तेव्हा तीन दिवस सुट्टी काढून उशाशी बसली, त्याच्या ताईशी फोनवर तासतासभर गप्पा मारल्या. पुन्हा तो विषय नाही. त्यानेही काढला नाही. काढला असता तर ती काय म्हणाली असती कोण जाणे, आणि न काढता दिवस चांगले जात होते. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. दर महिन्याच्या पाच तारखेला तो हप्ता भरून यायचा, कार्ड टेबलावर ठेवायचा, ती ते उचलून उजेडाकडे धरून बघायची आणि कपाटात ठेवायची. बघताना तिच्या गालावर उजेडाचे गोल ठिपके पडायचे. आधी अकरा, मग बारा, मग वीस, मग तीस. तो ठिपके मोजायचा आणि छत्तिसातून वजा करायचा.

उद्या देतो म्हणाला त्याला आठ दिवस झाले, दहा झाले. डबी खिशात होती. उठताबसता ती मांडीला टोचायची. दुकानापर्यंत तो तीनदा गेला. एकदा तर दार ढकललं, आत नव्या सोफ्यांचा तो प्लास्टिकचा वास आला, कुणीतरी जोडपं पलंगावर आडवं होऊन बघत होतं, दोघांच्याही चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, आणि तो उलटपावली फिरला. घरी आला की त्याची नजर घरभर भिरभिरायची. त्याच्या ध्यानात आलं की या पंचवीस महिन्यांत तिने घरासाठी एकही जड वस्तू घेतली नव्हती. एक छत्री, एक जोड सॅंडल, एक स्टीलचा डबा, एक शाल. सगळं बॅगेत मावणारं. दोन माणसांनी उचलावं लागेल असं काहीच नाही. हे ध्यानात आलं तेव्हा तो दात घासत होता, आणि ब्रश तोंडात तसाच धरून कितीतरी वेळ उभा राहिला. मग संध्याकाळी त्याने पाहिलं, ती कपाटाच्या बिजागरीला तेल घालतेय, कापसाच्या बोळ्याने, अगदी मन लावून. जाणारा माणूस बिजागरीला तेल कशाला घालील? त्या विचारावर त्याने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी वाटलं, का नाही घालणार? परत द्यायची वस्तू माणूस पुसूनच देतो.

कामावरही हात चुकला. एक निवृत्त शिक्षिका नवा चष्मा हातात घेऊन परत आल्या. ‘अहो, मला तुमच्या दुकानाची पायरी दोन-दोन दिसतेय,’ त्या म्हणाल्या, ‘एक खरी असेल तर दुसरी काढून ठेवा.’ मालक हसले, पण मागे येऊन कागद पाहिला तेव्हा हसले नाहीत. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसली होती. ‘काय चाललंय तुझं?’ मालक म्हणाले. ‘बायकोशी बिनसलंय का?’ तो म्हणाला, ‘नाही, काहीच नाही.’ आणि त्यात तसं खोटं काहीच नव्हतं. त्याने नव्या काचा घेतल्या, ठिपका दिला, पुसला, पुन्हा दिला. चाकाच्या आवाजात त्याला एकच वाटत होतं की आपण जो चौकोन रिकामा ठेवलाय तो रिकामाच राहू दे. दुकानाने चार नोटिसा पाठवाव्यात, दंड लावावा. दंड भरायची त्याची तयारी होती. जन्मभर दंड भरत राहायचीसुद्धा.

मग बुधवारी ताईचा फोन आला. त्याची मोठी बहीण, आईमागे तिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे तिला काहीही विचारायचा हक्क होता. फोन बायकोने घेतला. तो सोफ्यावर बसून पेपर वाचत होता, म्हणजे पेपर समोर धरला होता. ताईचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू यायचा, तिला फोनची गरज आहे का, अशी बायको नेहमी चेष्टा करायची. ‘काय गं, फिटले असतील ना हप्ते आता? माझ्या हिशेबाने या महिन्यात फिटायला हवेत. आता एक छानशी आरामखुर्ची घ्या बाई, मी आले की मला बसायला.’ बायकोने फोनवर हात न ठेवताच त्याच्याकडे वळून विचारलं, ‘फिटले का रे?’ साध्या आवाजात. पेपरच्या आडून तो म्हणाला, ‘या आठवड्यात देतो. गेलो होतो, दुकान बंद होतं.’ ती म्हणाली, ‘हं.’ आणि ताईला सांगितलं, या आठवड्यात फिटतील. त्याची कानशिलं तापली. लॅबकडून येणारी तिची बस त्या दुकानाच्या दारातच थांबायची. दुकान कधी बंद असतं आणि कधी उघडं, हे तिला रोज दिसत होतं. जेवताना तिने भात वाढला, पाणी वाढलं, आणि एकदा त्याच्या पँटच्या खिशाकडे बघितलं. खिसा फुगलेला होता. ती म्हणाली, ‘तुला चष्मा लागला?’ तो म्हणाला, ‘गिऱ्हाइकाचा आहे.’

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात एक ठेंगणा, घामेजलेला माणूस, खांद्यावर पिशवी, हातात स्क्रूड्रायव्हर. दुकानाचा पट्टीवाला. ‘पट्ट्या काढायला आलोय,’ तो म्हणाला, ‘पाच ना?’ ‘पण हप्ता तर...’ त्याने म्हणायला सुरुवात केली. ‘तुमच्या घरच्या बाईंनी भरला की शुक्रवारी,’ पट्टीवाला म्हणाला आणि बूट काढून आत आला. आतल्या खोलीच्या दारात ती उभी होती. तिने पट्टीवाल्याला पाणी दिलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

पट्टीवाला गप्पिष्ट होता. टेबलाखाली उताणा शिरत म्हणाला, ‘आमच्या कामात गंमत असते साहेब. पट्टी निघाली की लोक काय करतात माहितीय? खुर्चीत जरा पसरून बसतात. तीन वर्षं काठावर बसलेले असतात ना.’ टेबलाखालून स्क्रू पडल्याचा बारीक आवाज आला. ‘एक आजोबा तर म्हणाले, पट्टी राहू दे, सवय झालीय.’ ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती. टेबलाची निघाली, सोफ्याची निघाली, पलंग उचलून धरायला त्याने मदत केली, फ्रिज दोघांनी पुढे ओढला. शेवटी कपाट. त्याची पट्टी पाठीमागे होती, म्हणून ते भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावं लागलं. खोलीच्या मध्यावर आरशाचं कपाट तिरकं उभं राहिलं, आणि आरशात एकदम दाराबाहेरचा जिना दिसायला लागला. जिथं कधीच जिना दिसत नव्हता तिथं. पट्टीवाल्याने पाचही पट्ट्या पिशवीत टाकल्या, पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं, ‘आता सगळं तुमचं’ म्हणाला आणि गेला. कपाट मागे ढकलायचं राहूनच गेलं.

तो खुर्चीवर बसला. काठावरच बसला. ती समोर येऊन बसली. कार्डावर शेवटच्या चौकोनातही आता छिद्र होतं, इतरांसारखंच. ‘तू भरणार नव्हतास,’ ती म्हणाली. ‘भरणार होतो.’ ‘एकोणीस दिवस?’ त्याने खिशातून डबी काढली आणि टेबलावर उघडली. नोटा चष्म्याच्या आकाराच्या होऊन बसल्या होत्या. तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. ‘गिऱ्हाइकाचा चष्मा,’ ती म्हणाली. मग तो कोपरा पुन्हा सरळ झाला. तिने डबी मिटून बाजूला सारली. ‘आता कुणाचं काही देणं नाही. तुझं नाही, माझं नाही. म्हणून आता एक विचारते. ते पत्र तू विसरला होतास?’

विसरलो हा शब्द त्याच्या जिभेवर होता. पंचवीस महिने तो तिथं होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, नुसतं तोंड उघडलं की बाहेर पडला असता. त्याने आरशातल्या जिन्याकडे पाहिलं. त्या जिन्यावरून तो पाकीट घेऊन चढला होता, तिसऱ्या पायरीवर नाव वाचलं होतं, आणि पुढच्या पायऱ्या चढताना छातीत जे धडधडत होतं ते त्याला आता, या खुर्चीवर, जसंच्या तसं ऐकू आलं. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘विसरलो नव्हतो. नाव वाचलं होतं मी. रोज रात्री वाटायचं, सकाळी देईन. सकाळी तू अंधारात निघून गेलेली असायचीस, आणि मला बरं वाटायचं. पंधरावा दिवस गेला तेव्हा...’ त्याने टेबलावरच्या कार्डाची कड सरळ केली. ‘तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भीती वाटत होती मला. तू गेलीस की परत येणार नाहीस असं वाटत होतं.’ इतकं बोलल्यावर त्याला शरम वाटली, आणि शरमेबरोबर एक थकवा आला, खूप लांबून ओझं घेऊन आल्यासारखा.

‘माहीत होतं मला,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’

‘सापडलं त्याच दिवसापासून. गॅरंटी कार्डाच्या खाली होतं ते. तू आयुष्यात कधी एका कागदाखाली दुसरा कागद ठेवलेला नाहीस. सगळे घरभर उघडे टाकतोस.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून,’ ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. ‘मला वाटलं होतं, पंचवीस हप्ते पुरतील.’

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक बसत होती. दर महिन्याला उजेडाकडे धरलेलं ते कार्ड त्याला आठवलं. ती जायचे दिवस मोजतेय असं त्याला वाटत होतं. ती तर त्याच्यासाठी उरलेले दिवस मोजत होती. दोघंही तोच कागद बघत होते आणि त्याने एकदाही तिच्या बाजूने पाहिलं नव्हतं. स्कूटर शेवटी चालू झाली आणि निघून गेली.

‘तू जाणार आहेस?’ त्याने विचारलं. इतकं सोपं होतं ते विचारणं. तीन शब्द.

‘हेही आजच विचारतोयस.’ तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ‘माहीत नाही. शुक्रवारी पैसे भरून बाहेर आले आणि स्टॉपवर उभी राहिले. स्टेशनकडची बस आली, गेली. घराकडची आली, गेली. पुन्हा स्टेशनकडची आली. माझ्याकडे नुसती पर्स होती, पण तेवढ्यावरही जाता आलं असतं. मग घराकडच्या बसमध्ये बसले.’

‘का?’

‘तेच माहीत नाही म्हणते ना. इतके दिवस सांगायला कारण होतं, हप्ते आहेत. आता तेही नाही. आता रोजचं रोज बघावं लागेल.’

तिने कार्ड उचललं. सवयीने उजेडाकडे धरलं, मग मध्येच हात खाली घेतला आणि ते तसंच टेबलावर ठेवून दिलं. दुपार कलत होती. तिरक्या कपाटाच्या आरशात आता जिना दिसेनासा झाला होता, नुसता काळोखा चौकोन. तो त्याच्याकडे बघत बसला. उद्या संध्याकाळी घरी येताना जिना चढताना आपल्याला कसं वाटेल, परवा कसं वाटेल, तेरवा कसं वाटेल, असं एकेक त्याच्या मनात येत होतं, आणि त्याला शेवट नव्हता, छत्तीस नव्हते की शंभर नव्हते. त्याला धास्ती वाटली. पण जिभेवरचा तो गुळगुळीत शब्द गेला होता, तिथली जागा मोकळी लागत होती.

ती उठली. आतल्या खोलीत जाईल असं त्याला वाटलं. ती कपाटाच्या एका टोकाशी जाऊन उभी राहिली.

‘ऊठ,’ ती म्हणाली, ‘हे मागे घेऊ. सकाळी सव्वासहाला निघायचंय मला, अंधारात धडकेन.’

तो उठला आणि दुसऱ्या टोकाशी गेला. कपाट जड होतं, एकट्याने सरकलं नसतं.